घंटा कोणी वाजवायची?

मा. आयुक्त (शिक्षण), महाराष्ट्र राज्य, पुणे यांस अनावृत पत्र

महोदय,



जानेवारी आणि जुलै हे दोन महिने आपल्या राज्यातील शाळांच्या कचेऱ्यांत एका विशिष्ट कागदाचे महिने असतात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये इमारतीच्या मालकाने अथवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, याच दोन महिन्यांत, परवानाधारक अभिकरणाकडून आपली अग्निसुरक्षेची साधने सुस्थितीत व कार्यक्षम असल्याचा दाखला घेऊन तो अग्निशमन अधिकाऱ्याकडे सादर करावयाचा असतो. कचेरीच्या बोलीत त्यास ‘बी फॉर्म’ म्हणतात. आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर तो येतो तेव्हा शिष्यवृत्तीच्या याद्या, पोषण आहाराचा हिशेब, संचमान्यतेची माहिती आणि निवडणुकीच्या कामाचे हुकूम यांच्या गर्दीत तो आणखी एक कागद असतो, ज्यावर सही झाली की विषय मिटतो. एका शिक्षणसंस्थेच्या नियामक मंडळावर काही काळ काम केल्यामुळे या कागदाचा प्रवास मला जवळून पाहावयास मिळाला, आणि त्यावरून माझे असे मत बनले आहे की, शाळेतील आगसूचक यंत्रणेविषयी आपण सर्वांनी आजवर जो प्रश्न विचारला तोच मुळात अपुरा आहे. ‘यंत्रणा आहे काय?’ एवढेच आपण विचारतो, आणि ‘आहे’ एवढेच उत्तर येते. ती कोणत्या श्रेणीची आहे, कोठे लागलेल्या आगीची वर्दी तिने द्यावी अशी अपेक्षा आहे, ती वर्दी कोणाच्या कानी पडावयाची आहे, आणि कळ दाबण्याचा अधिकार कोणास आहे, हे कोणत्याही रकान्यात येत नाही.

श्रेणी हा शब्द मी जाणूनबुजून वापरीत आहे, कारण ज्या देशाने या शास्त्राची मांडणी बारकाईने केली त्या इंग्लंडात यंत्रणेची ओळखच तिच्या श्रेणीने होते. तेथील ५८३९ क्रमांकाच्या मानकाच्या पहिल्या भागात तीन कुळे मानली आहेत. जेथे माणसाने धूर पाहून, काच दाबून वा फोडून घंटा वाजवावयाची आणि त्याखेरीज दुसरे कोणतेही स्वयंचलित साधन नाही, ती ‘एम’ श्रेणी. जेथे जीवितरक्षणासाठी धूर किंवा उष्णता आपोआप ओळखणारी साधने बसविली आहेत ते ‘एल’ कुळ. आणि त्यातही पायऱ्या आहेत. ‘एल ४’ म्हणजे केवळ बाहेर पडण्याचे मार्ग, जिने व मार्गिका यांत साधने. ‘एल ३’ म्हणजे त्या मार्गांवर ज्यांची दारे उघडतात त्या खोल्याही. ‘एल २’ म्हणजे याउपर धोक्याच्या अशा खास खोल्या, उदाहरणार्थ रसायनशाळा अथवा भांडारगृह. आणि ‘एल १’ म्हणजे इमारतीचा कानाकोपरा. ‘एल ५’ ही त्या त्या इमारतीच्या विशिष्ट अडचणीसाठी मुद्दाम बेतलेली श्रेणी होय. तिसरे कूळ ‘पी’, म्हणजे मालमत्तेच्या रक्षणाचे. या शेवटच्या कुळाविषयी शाळाचालकांनी विशेष सावध असावे असे मला वाटते, कारण संगणककक्षाच्या वा ग्रंथालयाच्या विम्यासाठी बसविलेली यंत्रणा अग्निशामक दलास लवकर वर्दी पोहोचविण्याचे आपले काम चोख बजावील. परंतु दुसऱ्या मजल्यावरील चौथीच्या वर्गास ती ऐकू जाते की नाही, हा तिचा प्रश्नच नव्हे, आणि कागदावर मात्र दोन्ही यंत्रणा ‘आहेत’ या एकाच शब्दाखाली येतात.

आपल्याकडे अक्षरांची अशी उतरंड नाही. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ हिच्या चौथ्या भागात इमारतींचे वर्गीकरण उपयोगावरून केले आहे. शाळा ‘ब’ गटात येतात, त्यांतील उच्च माध्यमिकपर्यंतच्या शाळा ‘ब-१’ आणि इतर शिक्षण वा प्रशिक्षणसंस्था ‘ब-२’. मग उपयोग, उंची व मजले पाहून कोणते साधन आवश्यक ते तक्त्यात सांगितले आहे, आणि स्वयंचलित यंत्रणेची निवड, उभारणी व देखभाल कशी करावी हे भारतीय मानक २१८९ सांगते. ही व्यवस्था वाईट आहे असे मी म्हणत नाही. तिचा एक परिणाम मात्र असा होतो की, कंत्राटदार तक्ता पाहतो, तक्त्यात आहे तेवढे बसवितो, आणि यंत्रणा कोणत्या हेतूने बसविली हे वाक्य कोणत्याच दस्तऐवजात उरत नाही. इंग्लंडातील अभिकल्पकास ‘मी ही एल ३ म्हणून योजली आहे’ असे स्वतःच्या सहीने लिहावे लागते, आणि म्हणून दहा वर्षांनी भांडाराची रसायनशाळा झाली तर जुनी श्रेणी आता अपुरी आहे हे कोणालाही दाखविता येते. आपल्याकडे खोलीचे काम बदलते आणि दाखला पूर्ववत राहतो.

या विषयाचे सर्वांत मोठे व सर्वांत कटू शिक्षण जगाला मिळाले ते शिकागो शहरात, १ डिसेंबर १९५८ रोजी, ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ या शाळेत, आणि त्या प्रसंगाकडे मी आपले लक्ष थोडे अधिक वेळ वेधू इच्छितो. कारण त्यातील दोष पुष्कळसे आपल्या परिचयाचे आहेत. तळघरातील जिन्याच्या पायथ्याशी कचऱ्याच्या पुठ्ठ्याच्या पिंपात दुपारी आग धुमसू लागली. पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, बंद राहणारे अग्निरोधक दार होते म्हणून तो मजला बऱ्याच अंशी वाचला; वरच्या मजल्यावर तसे दार नव्हते, आणि जिना हा धूर वर वाहून नेणारे धुराडेच ठरला. शाळेत सुमारे सोळाशे मुले होती. आगीची सूचना देणाऱ्या कळी अवघ्या शाळेत दोन, दोन्ही दक्षिणेकडील भागात, आणि त्यांवर त्या कशाच्या आहेत हे लिहिलेले नाही. उत्तरेकडील भागात अग्निशामक नळकांडी होती खरी, परंतु जमिनीपासून सात फुटांवर टांगलेली. धूर दिसताच एका शिक्षिकेने मुख्याध्यापिका असलेल्या ख्रिस्ती भगिनींकडे धाव घेतली, कारण घंटा वाजविण्याची परवानगी केवळ त्यांनीच द्यावयाची असा तेथील शिरस्ता होता. मुख्याध्यापिका त्या वेळी दुसऱ्या एका वर्गावर शिकवीत होत्या आणि सापडल्या नाहीत. शिक्षिकेने परत येऊन आपला वर्ग बाहेर काढला, जाताना कळ ओढली, ती वाजली नाही. मुलांना सुरक्षित पोहोचवून ती पुन्हा आली, पुन्हा कळ ओढली, तेव्हा घंटा वाजली. आणि ती वाजली तीही शाळेपुरतीच, कारण अग्निशामक दलाशी तिचा काही संबंध जोडलेलाच नव्हता. दलास खबर गेली ती शेजारच्या धर्मगुरूंच्या निवासातून दूरध्वनीने, आणि तीही निवासाच्या पत्त्यावर. बंब प्रथम चुकीच्या बाजूस उभे राहिले. ९२ मुले व ३ भगिनी मृत्यू पावल्या.

यातील एक तपशील आपल्यासारख्या अधिकारपदस्थाने विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. ही शाळा बेकायदा चालली नव्हती. १९४९ च्या नगरपालिकेच्या नियमावलीने नव्या शाळांवर जी बंधने घातली ती आधीच उभ्या असलेल्या इमारतींना लागू नव्हती, आणि त्या सवलतीच्या आधाराने ही इमारत आगीच्याच वर्षीच्या, म्हणजे १९५८ च्या, ऑक्टोबरातील तपासणीत उत्तीर्ण झाली होती. म्हणजे दप्तराच्या दृष्टीने सर्व काही बरहुकूम होते. तपासणीत सवलतीची नोंद होते, धोक्याची होत नाही. हा अनुभव पुण्याच्या पेठांतील वाड्यांत भरणाऱ्या आणि मुंबईतील जुन्या चाळवजा इमारतींत भरणाऱ्या आपल्या कित्येक शाळांना कसा लागू पडतो हे मी विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. त्या दुर्घटनेनंतर शिकागोने शाळांच्या दारी अग्निशामक दलाशी जोडलेली सूचनापेटी सक्तीची केली.

पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, लॉस एंजलिस येथे एका मोडीत काढलेल्या शाळेच्या इमारतीत मुद्दाम आगी लावून प्रयोग करण्यात आले, आणि त्यांतून निघालेला निष्कर्ष आजच्या यंत्रणांच्या निवडीचा पाया आहे: मुलांना आधी धोका ज्वाळेचा नसून धुराचा असतो, आणि जिना व मार्गिका तापण्याच्या कितीतरी आधी धुराने दुर्गम होतात. म्हणून सुटकेच्या मार्गांवर धूर ओळखणारे साधनच हवे, उष्णता ओळखणारे नव्हे, जरी दुसरे स्वस्त आणि कमी कटकटीचे असले तरी. परंतु याची दुसरी बाजूही आहे, आणि ती न समजल्याने पुष्कळ पैसा वाया जातो. पोषण आहाराची खिचडी जेथे शिजते त्या खोलीत धूर ओळखणारे साधन बसविले की रोज अकरा वाजता घंटा होते. खडू-फळ्याच्या वर्गात ज्या साधनाची धूळ वेळोवेळी झाडली जात नाही त्याला धूळ व धूर यांतील भेद कळेनासा होतो. अशा घंटा दोनचार वेळा झाल्या की कोणीतरी शहाणा मनुष्य पॅनेलची किल्ली फिरवून तो विभाग बंद करून टाकतो. मुलांनाही एव्हाना घंटेचे काही वाटेनासे झालेले असते. स्वयंपाकाच्या खोलीत उष्णतेचे, जिन्यात धुराचे, प्रयोगशाळेत परिस्थिती पाहून, हा विचार ज्याने केला त्याची यंत्रणा आठ साधनांत काम करते. ज्याने केला नाही त्याची पंचवीस साधनांतही करीत नाही.

आता मी प्रत्यक्ष पाहिलेल्या एका यंत्रणेचे वर्णन करतो. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, आणि ती फार वेगळी आहे असेही मला वाटत नाही. तळमजल्यावर जिन्याखाली, जेथे जुने बाक रचून ठेवतात, तेथे पॅनेल होते. त्याच्यापर्यंत पोहोचावयाचे तर दोन बाक हलवावे लागत. हिरवा दिवा लागलेला होता, म्हणजे वीज होती. त्याखालीच ‘फॉल्ट’ असे लिहिलेला पिवळा दिवाही लागलेला होता, आणि त्याबरोबर जी बारीक शिटी अखंड वाजावयाची तिच्यावर चिकटपट्टी लावून ती गप्प केलेली होती. शिपाईदादांना विचारले तर ते म्हणाले, ‘साहेब, ती कायम वाजते, कारकुनाला काम करू देत नाही.’ पेटीचे झाकण काढले तेव्हा आत दोन लहान बॅटऱ्या होत्या. एकीचे पोट फुगलेले, दुसरीच्या टोकांवर हिरवट बुरशीसारखा क्षार. वीज गेल्यावर यंत्रणा जिवंत ठेवणे एवढेच त्या बॅटऱ्यांचे काम; इंग्लंडचे मानक तर त्यांनी चोवीस तास यंत्रणा जागती ठेवून त्यानंतरही अर्धा तास घंटा वाजवावी अशी अपेक्षा धरते; आणि शॉर्ट सर्किटने लागणाऱ्या आगीत मुख्य स्विच आधी खाली येतो, हे कोणत्याही वायरमनास ठाऊक असते. वरच्या मजल्यावरील मार्गिकेत धूर ओळखणारी साधने व्यवस्थित ओळीने होती. त्यांतील तीन साधनांवर, बांधकामाच्या धुळीपासून बचाव म्हणून कारखान्यातून येताना घातलेले लाल प्लास्टिकचे टोपण जसेच्या तसे होते. त्या टोपणाखाली साधनास धूर दिसणे शक्य नाही. यंत्रणा बसवून तीन शैक्षणिक वर्षे झाली होती, आणि त्या अवधीतील प्रत्येक जानेवारीचा व प्रत्येक जुलैचा दाखला फायलीत लावलेला होता, शिक्का व सही स्पष्ट, तारखा बिनचूक.

दाखला देणारे अभिकरण लबाड होते असा निष्कर्ष कोणी काढू नये. एक मनुष्य सकाळी येतो, दिवसाकाठी अनेक इमारती उरकतो, पॅनेलजवळच्या साधनाखाली उदबत्ती धरतो, घंटा वाजते, आणि तो पुढील इमारतीस जातो. त्याचे शुल्क देणारी संस्था, त्याला निवडणारीही तीच, आणि त्याने दोष दाखविला तर खर्चात पडणारीही तीच. अशा व्यवस्थेत दोष दाखविण्याचे बळ कोठून यावे?

यापेक्षा गंभीर प्रश्न निवासी शाळांचा आहे. आश्रमशाळा आपल्या खात्याकडे नाहीत, आदिवासी विकास विभागाच्या अखत्यारीत त्या येतात आणि त्यांचे आयुक्तालय नाशिकास आहे, हे मी जाणतो. तरी मुले तीच आणि अभ्यासक्रमही आपलाच, सबब हे येथे लिहितो. काही आश्रमशाळांत दिवसा जो वर्ग असतो तेच रात्री शयनगृह होते. बाक भिंतीला लावतात, सतरंज्या पसरतात, पेट्या उशाशी येतात. इमारत संहितेच्या दृष्टीने पाहिले तर ही एकच खोली सकाळी ‘ब-१’ गटातील शाळा असते आणि रात्री ‘अ-३’ गटातील वसतिगृह. आणि आगसूचनेच्या शास्त्रात या दोहोंमधील अंतर फार मोठे आहे. दिवसा जागी असलेली, शिक्षकासमोर बसलेली मुले धूर पाहतात, वास घेतात, ओरडतात. हाताने वाजविण्याची घंटा, म्हणजे ‘एम’ श्रेणी, त्यांस कदाचित पुरेल. निजलेल्या मुलास धुराने जाग येत नाही, उलट तो अधिक गाढ झोपतो. तेथे धूर ओळखणारे साधन खोलीतच हवे, आणि घंटेचा आवाज उशाशी पंचाहत्तर डेसिबलपर्यंत पोहोचला पाहिजे, ही सर्वमान्य पातळी आहे. दिवसा शाळा म्हणून तपासलेली इमारत रात्री वसतिगृह म्हणून कोणी तपासली आहे काय, असा प्रश्न विचारण्याची वेळ रात्री नऊनंतरची असते, आणि तपासणी अधिकाऱ्याचा दौरा त्यापूर्वीच संपलेला असतो.

आवाजाची गोष्ट निघाली म्हणून स्नेहसंमेलनाविषयी लिहितो. सर्वसाधारण नियम असा की, घंटा पासष्ट डेसिबलपेक्षा कमी नसावी, आणि जेथे आधीच गलबला आहे तेथे त्या गलबल्याहून निदान पाच डेसिबल वर असावी. जानेवारीत, दाखल्याच्याच महिन्यात, शाळेच्या सभागृहात वा पटांगणातील मंडपात कनाती, थर्मोकोल, झगमगीत कापड, उधार आणलेले दिवे आणि भिंती हादरविणारा ध्वनिक्षेपक यांचा जो मेळ बसतो त्यात आगसूचक घंटा ऐकू जाण्याचा संभव शून्य आहे. हरियाणात डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी एका शाळेच्या वार्षिक समारंभाच्या मंडपास आग लागून ४४२ जीव गेले, आणि तो समारंभ शाळेच्या इमारतीबाहेर होता, म्हणजे शाळेचा कोणताही दाखला त्या जागेस लागू नव्हता. सभागृहापुरता उपाय अगदी साधा आहे: यंत्रणेने वर्दी देताच ध्वनिक्षेपकाचा वीजपुरवठा आपोआप तुटेल अशी जोडणी करता येते, तिला फार खर्च नाही, आणि नाट्यगृहांत ती पुष्कळदा असतेच. श्रवणदोष असलेली जी मुले समावेशित शिक्षणामुळे आता सर्वसाधारण वर्गांत बसतात त्यांच्यासाठी चमकणारा दिवाही लागतो. त्याचा उल्लेख मी कोणत्याही शाळेच्या मागणीपत्रात पाहिला नाही.

कायद्याची बाजू मी थोडक्यात सांगतो, कारण ती आपणास माझ्यापेक्षा अधिक परिचित आहे. कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाकारलेल्या छपराच्या शाळेत ९४ मुले होरपळून गेली. त्यानंतर दाखल झालेल्या अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारतीय संघराज्य या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निर्णय देऊन सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग ठरविला, मान्यता देण्यापूर्वी इमारत राष्ट्रीय संहितेप्रमाणे सुरक्षित असल्याची खातरजमा करण्याचे बंधन राज्यांवर घातले, आणि सर्व शाळांत सहा महिन्यांत आग विझविण्याची साधने बसविण्याचे निर्देश दिले. निर्देशांचा भर विझविण्याच्या साधनांवर होता हे ओघाने आले. लाल नळकांडे भिंतीवर दिसते, मोजता येते, त्याचे छायाचित्र काढता येते. सूचनेचे साधन दिसले तरी ते ऐकते की बहिरे आहे हे डोळ्यांनी कळत नाही. त्याच वर्षी संमत झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेच्या इमारतीस काय काय असावे याची यादी आहे: प्रत्येक शिक्षकामागे वर्गखोली, अडथळारहित प्रवेश, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकाची खोली, क्रीडांगण, कुंपण. आगीचा त्यात नामोल्लेखही नाही. खाजगी शिकवणीवर्ग तर या सर्व जाळ्याच्या बाहेरच राहिले होते, आणि २४ मे २०१९ रोजी सुरतेत बावीस विद्यार्थी ज्या इमारतीच्या आगीत गेले तीही तशाच वर्गाची.

आता पैशाचा प्रश्न. तो टाळून या विषयावर लिहिणे मला अप्रामाणिक वाटते. अनुदानित मराठी शाळा फी आकारू शकत नाही. शिक्षकांचे वेतन शासन देते, परंतु दिवाबत्ती, डागडुजी, झाडलोट व अशा यंत्रणांची देखभाल ज्यातून व्हावयाची ते वेतनेतर अनुदान किती येते आणि केव्हा येते याविषयी संस्थाचालकांच्या तक्रारी आपल्या कार्यालयात ढिगाने असतील. अशा शाळेवर बॅटऱ्या का बदलल्या नाहीत म्हणून नोटीस बजावणे सोपे आहे. माझे म्हणणे असे की, महागडी यंत्रणा निकामी ठेवण्यापेक्षा लहान शाळेने आपल्या कुवतीची श्रेणी प्रामाणिकपणे पत्करावी आणि ती चालू ठेवावी. जिल्हा परिषदेच्या ज्या बैठ्या चार खोल्यांच्या शाळेत प्रत्येक खोलीचे दार थेट अंगणात उघडते तेथे व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा, आणि ‘सतत ठोके पडले की दप्तर टाकून वडाखाली’ ही मुलांना पाठ असलेली शिस्त, ही मला फुगलेल्या बॅटऱ्यांच्या पॅनेलपेक्षा कितीतरी वरच्या दर्जाची यंत्रणा वाटते. रुळाला वीज लागत नाही. त्यात ‘फॉल्ट’ निघत नाही. तिमजली इमारतीत मात्र तो रूळ वरच्या वर्गास ऐकू जाणार नाही, आणि तेथे हा युक्तिवाद कोणी माझ्या नावाने वापरू नये.

या सर्वांवरून आपणाकडे माझ्या काही मागण्या आहेत. पहिली अशी की, प्रत्येक शाळेने दर्शनी भागी, पटसंख्येच्या फलकाशेजारी, आपली आगसूचक यंत्रणा कोणत्या प्रकारची आहे हे साध्या मराठीत लिहावे: उदाहरणार्थ, ‘या शाळेत घंटा हाताने वाजवावी लागते, धूर ओळखणारे साधन फक्त दोन जिन्यांत आहे, अग्निशामक दलास वेगळा फोन करावा लागतो.’ पालक हे वाचील, आणि ज्या शाळेस ते लिहिताना संकोच वाटेल तिला आपण काय करावयाचे राहिले आहे हे कोणी वेगळे सांगावयास नको. याच फलकावर चालू ‘बी फॉर्म’ची प्रत आणि त्या वेळी प्रत्यक्ष तपासलेल्या साधनांची यादी असावी, न तपासलेल्यांचीही.

दुसरी मागणी माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आणि अगदी बिनखर्चाची आहे. आगीची घंटा वाजविण्यास कोणाचीही पूर्वपरवानगी लागत नाही, हे आपण परिपत्रकाने निःसंदिग्ध शब्दांत जाहीर करावे. शिक्षक, शिपाई, खिचडी शिजविणाऱ्या ताई, सहावीतील मुलगा, ज्याला प्रथम धूर दिसेल त्याने वाजवावी. आणि प्रामाणिक समजुतीने वाजविलेली घंटा खोटी ठरली तर त्याबद्दल कोणावरही कारवाई होऊ नये, कर्मचाऱ्याकडून खुलासा मागू नये, मुलास वर्गाबाहेर उभे करू नये. आपल्या शाळांत ‘सरांना विचारून ये’ ही सवय इतकी खोल रुजलेली आहे की, शिकागोतील त्या शिक्षिकेची जी मिनिटे मुख्याध्यापिकांना शोधण्यात गेली ती आपल्याकडेही जातील याविषयी मला शंका नाही. पुष्कळ ठिकाणी तर कळीच्या पेटीस कुलूप असते आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात. मुलांनी खोड्या करू नयेत म्हणून. खोड्यांना उपाय दुसरा आहे, कळीवर उचलताच शिटी वाजणारे पारदर्शक झाकण मिळते.

तिसरी गोष्ट तपासणीची. इंग्लंडात दर आठवड्यास एक कळ दाबून पाहण्याचा रिवाज आहे, आणि दर वेळी निराळी कळ, म्हणजे क्रमाक्रमाने सर्व तपासल्या जातात. आपल्याकडे शनिवारची सकाळची शाळा त्यास सोयीची आहे. परिपाठ झाला की एक मिनिट, आणि एका साध्या वहीत तारीख, कोणती कळ, कोठे ऐकू आली व कोठे नाही, एवढी नोंद. केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी शाळाभेटीस येतात तेव्हा त्यांनी ती वही पाहावी. आणि वहीवर विसंबून न राहता स्वतः एक कळ दाबावयास सांगून आपण सर्वांत लांबच्या स्वच्छतागृहात दार लावून उभे राहावे. ऐकू आले तर तसा शेरा, न आले तर तसा शेरा. यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. दाखला देणाऱ्या अभिकरणाची निवड संस्थेकडून काढून शिक्षणाधिकाऱ्यांनी जिल्हावार यादीतून फिरत्या क्रमाने करावी, हेही मी सुचवू इच्छितो; पण त्यास नगरविकास व अग्निशमन खात्यांची संमती लागेल आणि वेळ जाईल, म्हणून वरील गोष्टी तिच्यासाठी अडवून ठेवू नयेत.

बॅटऱ्या, साधनांची साफसफाई व वार्षिक देखभाल यांसाठी वेतनेतर अनुदानात स्वतंत्र शीर्ष असावे, आणि ती रक्कम दुसऱ्या बाबीवर वळविण्यास मनाई असावी. निवासी शाळांच्या बाबतीत रात्रीच्या उपयोगाची स्वतंत्र तपासणी व्हावी म्हणून आदिवासी विकास आयुक्तांशी आपण पत्रव्यवहार करावा. फलक, परवानगी व साप्ताहिक चाचणी या तीन बाबींचे परिपत्रक जूनमध्ये शाळा उघडण्याच्या पंधरवड्यात निघाले तर जुलैच्या दाखल्यापासूनच त्यांची अंमलबजावणी सुरू होऊ शकेल, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्यासाठी विधिमंडळापुढे जाण्याची जरूर नाही.

कळावे.

आपला नम्र,
शाळेच्या नियामक मंडळाचा एक माजी सदस्य